पवनचक्कीचे पाते : कापड, लाकूड, लोखंड आणि प्लॅस्टिक



व्याख्यानमालेच्या चालकांनी यंदा मला विषय विचारला तेव्हा मी ‘पवनचक्कीचे पाते’ असे उत्तर दिले. त्यांचा चेहरा जरासा उतरला. पवनचक्की म्हटले असते तर ठीक होते. पण नुसते पाते? त्यावर तासभर काय बोलणार, अशी शंका त्यांच्या मनात आली असावी. ती शंका रास्त आहे. तथापि एखाद्या मोठ्या यंत्राचा इतिहास समजून घ्यावयाचा तर त्याचा जो भाग वारंवार मोडतो, त्याच्याकडे पाहावे, असे माझे मत आहे. पवनचक्कीचे पाते हा असा भाग आहे. ते कशाचे करावे, या एका प्रश्नाभोवती हजार वर्षांचे शहाणपण आणि पुष्कळसा वेडेपणा गोळा झालेला आहे.

हा प्रश्न माझ्यापुढे आला तोही एका मुलामुळे. गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर अकरावीतला एक विद्यार्थी माझ्याकडे आला. त्याच्या हातात पीव्हीसीच्या नळाचा उभा चिरलेला, हातभर लांबीचा तुकडा होता. म्हणाला, “सर, घराच्या गच्चीवर पवनचक्की करतोय. याची पाती चालतील ना?”

मी विचारले, “हेच का निवडलेस?”

तो म्हणाला, “घरी नळ बसवताना एवढा उरला होता, म्हणून.”

हे उत्तर ऐकून मला हसू आले, पण त्या उत्तरात लाजण्यासारखे काही नव्हते. पवनचक्कीच्या इतिहासात बहुतेकांनी हेच केले आहे. हाताशी जे उरले होते ते त्यांनी वाऱ्यासमोर धरले. प्रश्न पुढचा आहे : वाऱ्याने त्याचे काय केले? त्या मुलाच्या गच्चीखाली गल्ली आहे, गल्लीत पोरे खेळतात, आणि त्याच गच्चीवर त्याची आजी पापड वाळत घालते. म्हणून मला चटकन ‘हो’ म्हणता येईना आणि त्याचा हुरूप पाहून ‘नाही’ही म्हणवेना. मी त्याला आठ दिवसांनी ये म्हटले, आणि त्या आठ दिवसांत जे वाचले, आठवले, ताडून पाहिले, तेच आज आपल्यापुढे मांडत आहे.

प्रथम कापड आणि लाकूड. इराण-अफगाणिस्तानच्या सीमेवरील सीस्तान प्रांतात पवनचक्क्या फिरत असल्याचे उल्लेख दहाव्या शतकातील अरब भूगोलकारांनी केले आहेत. त्या चक्क्यांचा कणा उभा असे आणि पाती त्याच्याभोवती रहाटासारखी फिरत. युरोपात बाराव्या शतकापासून आडव्या कण्याच्या चक्क्या दिसू लागल्या. हॉलंडमधील चक्क्यांची चित्रे आपण सर्वांनी पाहिली आहेत. त्यांच्या पात्याला लाकडी जाळीचा सांगाडा असे आणि त्यावर शिडाचे कापड ताणलेले असे. वारा मंद असला की चक्कीवाला पूर्ण कापड पसरी. वारा वाढला की नावाडी शीड उतरवतो त्याप्रमाणे ते गुंडाळून ठेवी. याचा अर्थ असा की कापड हे एकाच वेळी पातेही होते आणि लगामही. पात्याचा पदार्थ निवडताना वारा अंगावर किती घ्यावयाचा आणि नको तेव्हा तो सोडून कसा द्यावयाचा, या दोन्हींचा विचार त्या निरक्षर चक्कीवाल्यांनी केला होता. ही गोष्ट पुढच्या विद्वान मंडळींच्या हातून मधूनमधून निसटली, हे आपण पाहूच.

१७५९ साली जॉन स्मीटन या इंग्रज अभियंत्याने पाणचक्क्या आणि पवनचक्क्या यांवरील आपले प्रयोग लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडले. पाते सपाट नसावे, त्याला मुळापासून टोकापर्यंत पीळ असावा, हे त्याने मोजमापाने दाखविले. पाते ही मोजण्याची वस्तू आहे, हा विचार येथे रुजला.

विजेचे युग आले आणि चक्कीला नवे काम मिळाले. १८८८ साली अमेरिकेत क्लीव्हलंड येथे चार्ल्स ब्रश या धनिक संशोधकाने आपल्या वाड्यामागे एक प्रचंड चक्की उभारली. तिचा व्यास सुमारे १७ मीटर होता आणि तिला देवदाराच्या जातीच्या लाकडाची १४४ पाती होती. एवढा पसारा मांडून वीज मिळे ती १२ किलोवॉट. तरी तिने तळघरातील बॅटऱ्या सुमारे २० वर्षे भारल्या आणि वाड्यातील दिवे लावले.

याच सुमारास डेन्मार्कमध्ये आस्कोव या खेड्यात पौल ला कूर नावाचे एक शिक्षक लोकविद्यापीठात शिकवीत होते. लोकविद्यापीठ म्हणजे शेतकऱ्यांच्या प्रौढ मुलामुलींना पदवीच्या आमिषाशिवाय शहाणे करणारी शाळा. १८९१ साली ला कूर यांनी तेथे प्रयोगासाठी चक्की उभारली. वारा नेहमी नसतो, म्हणून त्यांनी विजेने पाण्याचे पृथक्करण करून हायड्रोजन वायू साठविला आणि त्यावर शाळेचे दिवे लावले. पुढे बंदिस्त नळीत कृत्रिम वारा सोडून त्यांनी लहान लहान पात्यांच्या परीक्षा घेतल्या. निष्कर्ष असा निघाला की वीज करावयाची तर पुष्कळ पात्यांचे सावकाश फिरणारे चक्र नको, थोड्या पात्यांचे वेगाने फिरणारे चक्र हवे. ब्रश यांची १४४ पाती या निष्कर्षाने बाद झाली. पण एक नवा धोका जन्मास आला. पाती थोडी आणि वेग जास्त, म्हणजे प्रत्येक पात्यावरचा ताण कितीतरी पट अधिक. येथून पुढे ‘पाते कशाचे?’ हा प्रश्न सुतारकामाच्या सोयीचा न राहता जिवाशी संबंध असलेला प्रश्न झाला.

ला कूर यांनी आपले ज्ञान कपाटात ठेवले नाही. खेड्यांतील तरुणांना त्यांनी वीजतंत्री म्हणून शिकविले. १९०४ साली त्यांच्या हाताखाली शिकलेल्या मुलांत योहानेस यूल हा मुलगा होता. त्याचे नाव लक्षात ठेवावे. तो पन्नास वर्षांनी पुन्हा आपल्याला भेटणार आहे.

मध्यंतरी अमेरिकेच्या माळरानांवर विजेच्या तारा पोचल्या नव्हत्या, तेव्हा शेतकरी लहान चक्क्या बसवीत. माँटाना राज्यातील जेकब्ज बंधूंच्या चक्क्या त्यांत नावाजलेल्या होत्या. त्यांची तीन पाती स्प्रूस या सूचिपर्णी झाडाच्या लाकडाची असत. १९३६ साली ग्रामीण विद्युतीकरणाचा कायदा झाला, तारा आल्या आणि या चक्क्यांचा धंदा हळूहळू बसला. पण लाकडाचे पाते वर्षानुवर्षे टिकते, हे त्या माळरानांवर सिद्ध झाले होते.

आता लोखंडाची कथा. अमेरिकेतील पामर पुटनम या अभियंत्याने जगातील सर्वांत मोठी चक्की बांधण्याचे मनावर घेतले. व्हरमाँट राज्यातील ‘ग्रँडपाज नॉब’ या टेकडीवर ती उभी राहिली. शक्ती १२५० किलोवॉट, व्यास ५३ मीटर, पोलादाची दोन पाती, आणि एकेका पात्याचे वजन सुमारे आठ टन. १९ ऑक्टोबर १९४१ रोजी तिने सार्वजनिक वीजवाहिनीला वीज दिली. तो दिवस पवनविद्येच्या इतिहासात मानाचा आहे. परंतु १९४३ साली तिचे मुख्य बेअरिंग निकामी झाले. महायुद्ध चालू होते, सुटा भाग मिळेना, म्हणून दोन वर्षे ती तशीच उभी राहिली. पात्याच्या मुळाशी जोड कच्चा आहे हे बांधणाऱ्यांना ठाऊक होते. पण युद्धकाळात तो बदलणे जमले नाही. १९४५ च्या मार्चमध्ये चक्की पुन्हा सुरू झाली आणि २६ मार्च रोजी एक पाते मुळाशी तुटून टेकडीवरून दूर जाऊन पडले. ती चक्की पुन्हा फिरली नाही.

येथे एक शास्त्रीय गोष्ट सांगितली पाहिजे. पोलाद मजबूत आहे यात शंका नाही. मग पाते का तुटले? तार तोडावयाची असली की आपण ती ओढत नाही. एकाच जागी पुढेमागे वाकवीत राहतो. एकदा वाकवून काही होत नाही, दहाव्यांदा ती तुटते. धातूला असा शिणवटा येतो. पवनचक्कीचे पाते प्रत्येक फेऱ्यात एकदा वर जाते, एकदा खाली येते. वरच्या थरात वारा जोराचा, खालच्या थरात मंद. म्हणजे प्रत्येक फेऱ्याला ते किंचित वाकते आणि सरळ होते. लहान चक्की मिनिटाला ६०० फेरे घेते असे धरले तर तासाला ३६,००० फेरे झाले. दिवसातून दहा तास वारा असला तर महिन्याभरात एक कोटीहून अधिक. इतक्या वेळा वाकविले तर टिकेल असा पदार्थ कोणता, हा खरा प्रश्न आहे. नुसती ताकद विचारून भागत नाही.

आता आपला योहानेस यूल परत येतो. तो मुलगा एव्हाना वीजकंपनीत वयोवृद्ध अभियंता झाला होता. १९५७ साली डेन्मार्कच्या दक्षिण टोकाला गेडसर येथे यूल यांनी २०० किलोवॉटची चक्की उभारली. व्यास २४ मीटर, तीन पाती. पात्याचा कणा पोलादाचा, फासळ्या लाकडाच्या आणि वरचे कातडे अॅल्युमिनियमच्या पत्र्याचे. तिन्ही पाती एकमेकांना ताणाच्या सळयांनी बांधलेली. दिसायला ती ओबडधोबड होती. पण यूल यांनी एक मोलाची गोष्ट केली. पात्याचे टोक सुटे ठेवून त्यांनी अशी योजना केली की चक्की बेफाम सुटली की टोक आपोआप आडवे वळावे आणि वाऱ्यालाच अडसर व्हावे. हॉलंडच्या चक्कीवाल्याने कापडात ठेवलेला लगाम यूल यांनी यंत्रात परत आणला. ही चक्की १९६७ पर्यंत, सुमारे दहा वर्षे, फारशी कुरकुर न करता चालली.

त्याच १९५७ साली जर्मनीत श्टोटन येथे उलरिख ह्युटर या अभियंत्याने १०० किलोवॉटची, ३४ मीटर व्यासाची चक्की सुरू केली. तिची दोन पाती काचतंतू आणि राळ यांची, म्हणजे ज्याला आपण फायबरग्लास म्हणतो त्याची होती. एवढ्या मोठ्या चक्कीला प्लॅस्टिकचे पाते लावण्याचे हे पहिले मोठे उदाहरण होय. ही कल्पना ग्लायडर विमानांच्या विद्येतून आली होती; काचतंतूचे पहिले ग्लायडरही १९५७ सालीच जर्मनीतील श्टुटगार्टच्या विद्यार्थ्यांनी उडविले.

प्लॅस्टिक या एका शब्दाखाली आपण पुष्कळ भिन्न पदार्थ कोंबतो, म्हणून त्यातील मुख्य भेद सांगतो. आपल्याकडे लाखेची बांगडी असते. ती निखाऱ्याजवळ धरली की मऊ होते, वळवता येते, थंड झाली की कडक होते आणि पुन्हा तापविली तर पुन्हा मऊ होते. पीव्हीसी, पॉलिथीन, पॉलिप्रॉपिलीन, नायलॉन ही प्लॅस्टिके या जातीची. दुसरी जात कुंभाराच्या मडक्याची. माती ओली असेपर्यंत हवी तशी वळते. एकदा भाजली की तिची पुन्हा माती होत नाही. बेकेलाइट, पॉलिएस्टरची राळ, इपॉक्सीची राळ ही या जातीची. पहिल्या जातीचे काम घरच्या चुलीवर होते. दुसऱ्या जातीला साचा लागतो, माप लागते आणि चिकाटी लागते.

नुसती राळ ठिसूळ असते. तिच्यात काचेचे तंतू घातले की चमत्कार होतो. आपल्या जुन्या घरांच्या भिंतींतील मातीत गवताचा कुटा घालीत, तो कशासाठी? माती दाब सोसते, कुटा ताण सोसतो आणि भेग पडली तरी ती पुढे सरकत नाही. काचतंतूचे पाते याच तत्त्वावर उभे आहे. ह्युटर यांची खरी हुशारी पात्याच्या मुळाशी दिसते. पोलादात भोक पाडून बोल्ट बसवितात तसे त्यांनी केले नाही. कारण भोक पाडले की तंतू तुटतात. त्यांनी तंतूंचे पदर मुळाशी असलेल्या कड्यांभोवती वळसा घालून परत पात्यात नेले, खुंट्याला दोराचा फास घालावा तसे. ग्रँडपाज नॉबचे पाते मुळाशी तुटले होते. ह्युटर यांनी त्या मुळाचा प्रश्न वेगळ्या पदार्थाने आणि वेगळ्या गाठीने सोडविला.

यानंतर खनिज तेल स्वस्त झाले आणि जग पवनचक्की विसरले. १९७३ साली तेलाचे भाव भडकले तेव्हा पुन्हा आठवण झाली. मोठ्या राष्ट्रांनी मोठ्या योजना आखल्या. जर्मनीने १९८३ साली १०० मीटर व्यासाची ‘ग्रोव्हियान’ नावाची ३,००० किलोवॉटची चक्की सुरू केली. ती जेमतेम काहीशे तास चालली आणि १९८८ साली उतरविण्यात आली. उलट डेन्मार्कमध्ये क्रिस्चन रीसेगर नावाच्या सुताराने गेडसरच्या धर्तीवर आपल्या परसात २२ किलोवॉटची चक्की उभी केली आणि तशा चक्क्या शेजाऱ्यापाजाऱ्यांना विकल्या. उल्फबोर्गजवळच्या ट्विंड येथे शिक्षक, विद्यार्थी आणि स्वयंसेवक यांनी १९७५ ते १९७८ या काळात ५४ मीटर व्यासाची चक्की स्वतः बांधली. तिची २७ मीटर लांबीची काचतंतूंची पाती त्यांनी हातांनी घडविली आणि पात्याच्या मुळासाठी ह्युटर यांची रचना स्वीकारली. त्या वेळी जगात तिच्याएवढी मोठी चक्की नव्हती. याच मंडळींच्या एका लहान साच्यावरून एरिक ग्रोव्ह-नील्सन या तरुणाने साडेचार आणि पुढे पाच मीटरची पाती विकण्यास काढली. आता कोणाही लोहाराला, सुताराला तयार पाते विकत घेऊन चक्की जोडता येऊ लागली, आणि डेन्मार्कच्या पवनउद्योगाचा पाया घातला गेला.

मात्र वीजवाहिनीशी जोडलेल्या चक्कीत एक धोका असतो. वादळात वाहिनी तुटली की जनित्रावरचा भार जातो आणि चक्की मोकाट सुटते. म्हणून पुढे या पाच मीटरच्या पात्यांनाही टोकाशी हवेचे अडसर बसविण्यात आले. म्हाताऱ्या यूल यांचा धडा नव्या पिढीला पुन्हा गिरवावा लागला. १९७८ साली डेन्मार्कमध्ये चक्कीमालकांनी आपला संघ काढला आणि त्याच वर्षी रीसो येथे चक्क्यांची परीक्षा घेणारे केंद्र निघाले. हौशी मंडळी आणि परीक्षक एकमेकांना हसले नाहीत, एकत्र बसले. मोठ्या राष्ट्रांच्या योजना कोसळल्या आणि सुतारांच्या चक्क्या वाढल्या, त्याचे एक मोठे कारण मला येथे दिसते. सुताराने लहान पाते केले, ते मोडले, का मोडले ते शेजाऱ्याला सांगितले आणि पुढचे जरा बरे केले.

आता नळाकडे येऊ. पीव्हीसी हा पदार्थ १८७२ साली जर्मन रसायनशास्त्रज्ञ ऑयगेन बाउमान यांना प्रथम दिसला. पण तो कामास येण्यास पुढचे अर्धशतक जावे लागले. १९३० नंतरच्या दशकात जर्मनीत त्याचे पाण्याचे नळ निघाले आणि आज तो नळ पृथ्वीच्या कोणत्याही खेड्यात मिळतो. आफ्रिकेतील मलावी देशाच्या विम्बे या खेड्यातही तो मिळाला. २००१-०२ साली तेथे मोठा दुष्काळ पडला. विल्यम कामक्वाम्बा या चौदा वर्षांच्या शेतकऱ्याच्या मुलाला फी भरता न आल्याने शाळा सोडावी लागली. तो गावच्या लहानशा ग्रंथालयात जाऊ लागला आणि तेथे एका इंग्रजी पाठ्यपुस्तकात त्याला पवनचक्कीचे चित्र दिसले. त्याने मोडक्या सायकलचा सांगाडा, सायकलचा डायनॅमो आणि ट्रॅक्टरचा पंखा जमविला. पीव्हीसीचा नळ चिरून आगीवर मऊ केला, सपाट केला आणि त्याची पाती ट्रॅक्टरच्या पंख्याला जोडली. भोके पाडण्यासाठी तापविलेला खिळा आणि मक्याच्या कणसाची मूठ. वॉशरच्या जागी बाटल्यांची चपटी केलेली बुचे. निलगिरीच्या खांबांच्या मनोऱ्यावर ती चक्की चढली आणि घरात दिवा लागला. २००७ साली टांझानियातील आरुशा येथे एका परिषदेत त्याने ही हकिगत सांगितली आणि ती जगभर पसरली.

ही गोष्ट ऐकली की आपलेही हात शिवशिवतात. पण विल्यमची गोष्ट ‘पीव्हीसी उत्तम’ असे सांगत नाही. ज्याच्याजवळ दुसरे काहीच नव्हते त्याने हाताशी असलेल्या वस्तूतून काय साधले, हे ती सांगते. ज्याला निवड करता येते त्याने निवड केली पाहिजे. ती कशी करावी?

नळाचे गुण आधी सांगतो. तो स्वस्त आहे, पाण्याने कुजत नाही, आणि त्याच्या अंगची गोलाई पात्याला लागणारा बाक आयता देते. साध्या करवतीने तास-दोन तासांत तीन पाती होतात. अवगुण असे. पहिला, ताठरपणा कमी. पीव्हीसीपेक्षा स्प्रूसचे लाकूड तिपटीहून जास्त ताठ आहे आणि तंतूंच्या दिशेने पाहिले तर काचतंतूचे पाते सुमारे तेरापट ताठ आहे. वजन पाहावे तर पीव्हीसी पाण्याच्या १.४ पट, चांगले काचतंतूचे पाते जवळजवळ १.९ पट आणि स्प्रूस पाण्याच्या निम्म्याहूनही हलके. ताठरपणाला वजनाने भागले म्हणजे लाकूड आणि काचतंतू दोन्ही पीव्हीसीच्या सुमारे दहापट सरस ठरतात. लांब पाते मऊ असले की जोराच्या वाऱ्यात ते मागे वाकते आणि मनोऱ्यावर आपटते. दुसरा अवगुण उष्णतेचा. पीव्हीसी सुमारे ८० अंशांवर मऊ होते; पण त्याच्या बऱ्याच आधीपासून त्याची ताठरता उतरू लागते, आणि आपल्याकडच्या उन्हात गडद रंगाची वस्तू किती तापते हे सांगावयास नको. तिसरा अवगुण असा की सतत ताणाखाली ठेवले तर ते हळूहळू लांबत जाते. चौथा उन्हाचा. सूर्यकिरणांतील अतिनील भाग त्याची वीण उसवतो आणि वर्षा-दोन वर्षांत नळ ठिसूळ होऊ लागतो.

मग दुसरे प्लॅस्टिक घ्यावे? पाण्याच्या टाकीचे पॉलिथीन चिवट आहे, पण पीव्हीसीहूनही मऊ. नायलॉन चिवट आहे, पण ओलावा पितो आणि मऊ पडतो. पॉलिकार्बोनेटला दणका सोसतो, पण तेही पीव्हीसीहून ताठ नाही. तात्पर्य, तंतूंचा आधार नसलेले कोणतेही प्लॅस्टिक लांब पात्याला पुरे पडत नाही. स्कॉटलंडच्या स्कोरेग या रस्ता नसलेल्या भूशिरावर राहून ह्यू पिगट यांनी अनेक वर्षे घरगुती चक्क्या बांधल्या आणि बांधण्यास शिकविल्या. त्यांची ख्याती हाताने तासलेल्या लाकडी पात्यांसाठी आहे. लाकूडही तंतूंचेच बनलेले असते.

थोडा हिशेब करू. पाते एक मीटर लांब आणि मिनिटाला ६०० फेरे, तर टोकाचा वेग तासाला सुमारे २२५ किलोमीटर होतो. पाते अर्धा किलो वजनाचे आणि त्याचा भारमध्य कण्यापासून ४० सेंटिमीटरवर असेल, तर ते बाहेर ओढले जाते सुमारे ८० किलो वजनाच्या जोराने. एखादा धष्टपुष्ट माणूस त्या पात्याला लोंबकळावा तसे. चक्की मोकाट सुटून फेरे दुप्पट झाले तर ओढ दुप्पट होत नाही, चौपट होते : सुमारे ३२० किलो. ही सारी ओढ मुळाशी असलेल्या दोन-तीन बोल्टांच्या भोकांवर येते. आपल्या शेतकऱ्याला हे गणित न शिकवता ठाऊक आहे. राखणीच्या माळ्यावरून तो गोफण फिरवतो, तेव्हा दगड का सुटतो आणि किती दूर जातो, हे त्याच्या मनगटाला कळते.

आठ दिवसांनी तो विद्यार्थी आला. मी त्याला हा सारा हिशेब दाखविला आणि म्हटले, “नळाची पाती कर, जरूर कर, पण ती शिकण्यासाठी कर, कायमची नको. लांबी अर्ध्या मीटरच्या आत ठेव. भोकाच्या कडा घासून गुळगुळीत कर, कारण चीर तेथूनच निघते. वारा वाढला की चक्र बाजूला वळेल अशी शेपटी बसव. आणि गच्चीवर नको. तुमच्या मळ्यात, माणसांपासून दूर लाव.” गच्चीचे त्याला पटले नाही. गच्चीवरची चक्की सगळ्या गल्लीला दिसली असती. मग मी त्याला आजीच्या पापडांची आठवण दिली. तो गप्प झाला आणि चक्की मळ्यात गेली.

दिवाळीनंतर ती फिरू लागली. तिच्यावर झोपडीतला एक लहान दिवा लागे. याच एप्रिलमध्ये, भर उन्हाळ्यातल्या एका वावटळीत, तिचे एक पाते मुळाजवळच्या भोकाशी तडकून सुटले. पोराने ते शोधून काढले. ज्वारीच्या धसकटांत, खांबापासून साठ पावलांवर. तो तुकडा घेऊन तो माझ्याकडे आला. “सर, गच्चीवर असती तर?” एवढेच म्हणाला. पुढे दोघांनाही बोलवले नाही.

आज जगात ११५ मीटरहून लांब पाती घडविली जातात. आपल्या सातारा जिल्ह्यात कोयनेच्या शिवसागर जलाशयावरच्या वनकुसवड्याच्या पठारावर चक्क्यांच्या रांगा दिसतात, त्यांची पातीही काचतंतू आणि राळ यांचीच. आता नवा प्रश्न उभा आहे. भाजलेल्या मडक्याची माती होत नाही, तसे या पात्यांचेही पुन्हा काही होत नाही. अमेरिकेत वायोमिंगमधील कॅस्पर गावी २०१९-२० च्या सुमारास शेकडो जुनी पाती जमिनीत पुरावी लागली. २०२१ साली सौम्य आम्लात विरघळून तंतू मोकळे करणारी राळ पुढे आली. २०२२ साली स्पेनमध्ये, तापविले की पुन्हा मऊ होणाऱ्या राळेचे ६२ मीटरचे पाते घडविण्यात आले. म्हणजे फिरून लाखेच्या बांगडीकडे प्रवास सुरू झाला आहे. मात्र आता तिच्या पोटात काचेचे तंतू आहेत.

कापड असो, लाकूड असो, पोलाद असो की प्लॅस्टिक, प्रत्येक पदार्थाला त्या त्या काळी तीन प्रश्न विचारावे लागले : कोटी वेळा वाकलास तर टिकशील का, वारा बेफाम झाला तर तुला कसे आवरू, आणि तुटलास तर कोणाच्या अंगावर पडशील? तिसरा प्रश्न सर्वांत आधी विचारावा, एवढे मला त्या साठ पावलांनी शिकविले.

तो विद्यार्थी आज सभागृहात मागच्या रांगेत बसला आहे. सध्या तो आमच्या गावच्या सुतारमामांकडे रोज संध्याकाळी जाऊन रंधा धरायला शिकतो आहे. नवी पाती लाकडाची होणार आहेत. ती कोणाला पाहावयाची असतील त्यांनी पुढच्या वर्षी मळ्यात यावे, मात्र चक्राच्या रेषेत उभे राहू नये.